सामायिक बागेतलं श्रमदान: तासांची सक्ती हवी की नको?

वाफेकरी
सोसायटीच्या आवारातली सामायिक बाग. 20 वाफे, प्रत्येकी 4 बाय 10 फूट. आपापला वाफा जो तो बघतो. ठिबकची मेन लाइन, खताचे हौद, पाण्याची पिंपं, कुंपणालगतची पट्टी यांना मात्र वाली नाही, मग ते त्याच चार जणांच्या गळ्यात पडतं.

सभेपुढे ठेवायचा नियम असा: प्रत्येक वाफ्यामागे महिन्याला 4 तास सामायिक काम. न भरलेल्या तासाला 150 रुपये. सलग तीन महिने दांडी, तर वाफा प्रतीक्षायादीतल्या पुढच्या सभासदाला. महिन्याचे 80 तास जमतात. गरज किती? आठवड्याला खताला 6, ठिबकला 2, पिंपांना 2, तण आणि सफाईला 6, म्हणजे 16. महिन्याला साधारण 70. उरलेले 10 पावसाळ्याआधीच्या कामांना.

माझं मत, सक्ती हवीच. विनंतीवर चालणारी बाग फेब्रुवारीपर्यंत चालते. एप्रिलचं ऊन तापलं की ग्रुपवर नुसते अंगठे येतात, माणसं येत नाहीत.

काडीकचरा
असहमत. एकतर 'श्रमदान' म्हणायचं आणि वर दंड लावायचा, याला आपल्याकडे जुना शब्द आहे: वेठ.

पण शब्द सोडा, मोजमापच चुकलंय. बागेतली सगळ्यात मोलाची कामं पाच-दहा मिनिटांची असतात, फक्त ती ठरल्या दिवशी व्हावी लागतात. ठिबकच्या फिल्टरची जाळी घ्या. व्हॉल्व्ह बंद, टोपण उघडा, जाळी काढून जुन्या टूथब्रशने आतून-बाहेरून धुवा, रबरी रिंग नीट खाचेत बसवून बंद करा. मग प्रत्येक नळीच्या शेवटचं टोक उघडून गढूळ पाणी जाऊन स्वच्छ येईपर्यंत सोडा. बोअरचं पाणी असेल तर आठवड्याला एकदा हे हवंच. चुकलं तर लगेच काही दिसत नाही. दाब हळूहळू उतरतो आणि तासाला 4 लिटर टाकणारे ड्रिपर शेवटच्या दोन-तीन वाफ्यांत नुसते पाझरायला लागतात. वाफेवाला म्हणतो रोप बसलं, रोग आला. रोग कुठला, जाळीत शेवाळ असतं.

तासांच्या नियमात या कामाचे भरणार किती? दहा मिनिटं. म्हणून ते कुणी घेत नाही. रविवारी सगळे खराटे घेऊन पाला गोळा करतात, कारण त्यात दोन तास सहज निघतात.

हिशेबनीस
दोघांचंही राहू द्या. 20 जणांनी महिना 400 काढले तर 8000 होतात. रोज दोन तास माळी ठेवा, मिटलं. ज्याला मातीत हात घालायची हौस आहे त्याला स्वतःचा वाफा आहेच की.

आणि 150 रुपयांचा दंड वसूल कोण करणार? सर्वसाधारण सभेच्या ठरावाशिवाय तो मेन्टेनन्स बिलात घालता येणार नाही. नुसत्या ग्रुपवरच्या दंडाला कोण विचारतो?

गांडूळबाग
माळी हवा, पण खतासाठी तो पुरत नाही. ओला कचरा 20 घरांतून येतो, त्यात काय पडतं हे घरातच ठरतं. दह्याच्या पिशव्या आणि रबरबँड माळ्याने वेचायचे का?

हौदाचं काम नीट लिहून दिलं तर कुणालाही जमतं. एक बादली ओल्या कचऱ्यावर दोन बादल्या सुका पाला, वरून आधीच्या खताचे दोन हात. मूठभर घेऊन दाबलं की बोटांच्या फटींत ओल दिसावी, फार तर एखादा थेंब. धार लागली तर आणखी पाला. मधोमध लोखंडी सळई पाच मिनिटं खुपसून ठेवा. काढल्यावर हातात धरवत नसेल तर आत 55-60 अंश आहे, सगळं ठीक. सळई कोमट लागली की ढीग उलटायची वेळ झाली, साधारण दर चौथ्या दिवशी. बाहेरचं आत, आतलं बाहेर. नुसतं वरचं हलवणं म्हणजे उलटणं नव्हे. आंबट कुजका वास आला म्हणजे आत हवा नाही. तेव्हा लोक वर माती लोटतात आणि असलेली हवाही कोंडतात. पाला मिसळून उलटा, दोन-तीन दिवसांत वास जातो. मोठ्या करड्या अळ्या दिसल्या तर किंचाळू नका, त्या कचरा खातात.

यातलं कुठलंही काम घड्याळाने मोजता येत नाही. इथे मी काडीकचरा यांच्या बाजूने. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप या जलसंधारण स्पर्धेच्या वेळी गावोगाव श्रमदान घनमीटरमध्ये मोजलं जायचं, तासांत नाही.

राईनकाठ
तास मोजता येत नाहीत हे काही पटलं नाही. जर्मनीतल्या श्रेबरगार्टनच्या, म्हणजे छोट्या भाड्याच्या बागांच्या, संघांत वर्षाला ठरावीक तास सामायिक काम करायचंच, नाही केलं तर तासामागे पैसे भरायचे, अशी सर्रास पद्धत आहे. त्याला कुणी वेठ म्हणत नाही. सही करतानाच करारात वाचलेलं असतं.

काडीकचरा
तिथे एका बागेला कायद्याने 400 चौरस मीटरपर्यंत जागा मिळते, वर 24 चौरस मीटरची खोपटी बांधता येते. इथे 40 चौरस फूट. तेवढ्या मेथी-पालकासाठी चार तास आणि वर दंड?

वाफेकरी
बरं, तास बाजूला ठेवू. कामं वाटून दिली आणि एकाने केलंच नाही, तर कळणार कसं? 'झालं' असं ग्रुपवर टाकायला कुणाच्या बापाचं काय जातं?

पिंपांचंच बघा. एडिस डास अंड्यापासून आठ-दहा दिवसांत उडायला लागतो. अंडी पाण्याच्या कडेला आतल्या भिंतीला चिकटतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने जगतात. म्हणून नुसतं पिंप उपडं करून भागत नाही, काथ्याने आतून घासावं लागतं. एकाने एक आठवडा टाळलं की डेंगी सगळ्या इमारतीत.

गांडूळबाग
'झालं' लिहायचंच नाही, काय दिसलं ते लिहायचं. नळाशेजारी एक फळा टांगा. सळई: गरम, कोमट की गार. जाळी: शेवाळ, वाळू की स्वच्छ. पिंप: घासल्याची तारीख. खोटं लिहिलं तरी दुसऱ्या दिवशी सळई बोलते. प्रत्येक कामाला एक नाही, दोन माणसं. एक गावाला गेला तर दुसरा. ज्यांना वाकणं जमत नाही त्यांना रोपांचे ट्रे, बियांच्या पुड्यांवर तारखा आणि हा फळा.

जून ते सप्टेंबर वाटणी वेगळी करा. ठिबक जवळपास बंदच असतं, ती जोडी तणावर लावा. गाजरगवत फुलावर यायच्या आत, मुळासकट, हातमोजे घालून. अंगाला लागलं तर खाज सुटते. गोगलगायींसाठी संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट पसरायचं, पहाटे खाली जमलेल्या वेचायच्या. मीठ मातीत टाकायचं नाही, गोगलगाय मरते आणि वाफाही.

हिशेबनीस
हे सगळं वाचून माळीच बरा वाटतोय.

वाफेकरी
फळा आणि जोड्या मान्य, मसुद्यात घालतो. दंड मात्र राहील. तासाला नाही, चुकलेल्या पाळीला 100.

काडीकचरा
मग सभेत माझा विरोध नोंदवा. जाळीची पाळी माझी लिहा, बुधवार.