घरपट्टीवरचं नाव बदलायला एवढा वेळ का?
वरती कुणीतरी लिहिलंय की वडील गेल्यावर घरपट्टीवर नाव चढवायला पालिकेत तीन महिने फेऱ्या मारतोय आणि हे मुद्दाम चाललंय. मुद्दाम असेलही, पण आधी फायलीत काय काय लावलंय ते बघा. आमच्या घराचं केलं तेव्हा मी मृत्यूचा दाखला नि जुन्या पावत्या देऊन मोकळा झालो, आणि काऊंटरवरच्या बाईंनी विचारलं, बाकीचे वारसदार कुठायत? आपल्या गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा कॉमन सिव्हिल कोड, म्हणजे सगळ्या धर्मांना वारशाचा एकच कायदा, मुलींचाही वाटा सारखाच, त्यामुळे बहिणींच्या सह्या नसतील तर फाईल तिथेच बसते. शेवटी इन्व्हेंटरी (कोर्टातून होणारी वारसांची वाटणी) नाहीतर वारसाहक्काचं डीड (वारस कोण ते नोंदवणारा दस्त) आणा म्हणतातच. एक बहीण दुबईला असली की झालं कल्याण.

आणि घरपट्टीवर नाव आलं म्हणजे घर आपलं झालं असं नाही हां, ती फक्त कराची नोंद. मालकीला शहरात सिटी सर्व्हेचा फॉर्म डी बघतात, गावात एक-चौदाचा उतारा, आणि त्यावरचं नाव पालिकेत बदलत नाही, शहरातलं सर्व्हे ऑफिसात, गावातलं मामलेदाराकडे. लोक हे दोन्ही एक समजतात आणि मग भावाभावात भांडणं.

थकबाकी आधी भरून टाका, त्यावरून हमखास अडवतात. अर्ज दिलात की आवक नंबर मारून घ्या, नुसतं 'ठेवून जा' म्हटलं तर ठेवू नका. नगरसेवकाला फोन करून फार काही होत नाही, फाईल शेवटी मुख्याधिकाऱ्याकडेच जाते. त्यांनी दिलेली तारीख उलटली तर सरळ माहिती अधिकाराचा अर्ज टाका, ३० दिवसांत उत्तर द्यावंच लागतं.