फिनलंड, हिवाळा आणि पाठीवर सॅक – सल्ला हवा आहे

रानवाटा

नमस्कार मंडळी,

मी आणि माझी धाकटी बहीण, दोघींनी यंदा फिनलंडला जायचं पक्कं केलंय. दोन आठवडे आहेत. डिसेंबरचा शेवटचा आठवडा आणि जानेवारीचा पहिला, असं डोक्यात आहे. टूर कंपनीबरोबर जायचं नाही. सह्याद्रीत दहा-बारा वर्षं फिरतोय, उत्तराखंडात दोन हिवाळी ट्रेक झालेत, त्यामुळे सॅक उचलून चालायची सवय आहे. उणे दहाच्या खालची थंडी मात्र दोघींनीही पाहिलेली नाही.

काय हवंय ते सांगते. उत्तरेचा प्रकाश, म्हणजे रात्रीच्या आकाशातला ऑरोरा, दिसला तर हवाच. बर्फात दोन-तीन दिवस स्वतःच्या पायांनी फिरायचंय. सौना, म्हणजे तिथलं गरम वाफेचं स्नान, अनुभवायचाय. आणि उत्तरेतल्या मूळनिवासी सामी लोकांबद्दल थोडं वाचलंय, तर त्यांच्या भागात जाऊन नीट समजून घ्यायचंय, नुसते फोटो काढून यायचं नाही. बहीण पूर्ण शाकाहारी आहे, अंडं चालतं. बजेट बेताचं.

सध्याचा बेत: हेलसिंकीत ३ दिवस, उत्तरेतल्या रोवानिएमीत ८ दिवस, बाकी प्रवास. काय चुकतंय?

एस्पोकर

स्वागत! इथे अकरावा हिवाळा चालू आहे माझा, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी तारखा बदला. नाताळ आणि नववर्षाला रोवानिएमीत जगभरातून माणसं येतात, राहण्याचे दर वर्षातले सगळ्यात चढे असतात. शिवाय उजेडाचं गणित बघा. तेव्हा रोवानिएमीत सूर्य जेमतेम दोन तास क्षितिजाला टेकून जातो. आणखी वर इनारीला तर डिसेंबरच्या सुरुवातीपासून जानेवारीच्या साधारण दहा तारखेपर्यंत उगवतच नाही. याला इथे कामोस म्हणतात. दुपारी काही तास निळसर संधिप्रकाश असतो आणि तो फार सुंदर असतो, खोटं नाही. पण तुम्हाला चालायचंय. पहिल्यांदाच येणाऱ्याने अंधारात, उणे पंचवीसमध्ये वाट शोधत फिरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मार्चच्या मध्यावर या. दिवस बारा तासांचा होतो, उत्तरेत बर्फाची जाडी तेव्हाच सगळ्यात जास्त असते, आणि रात्री प्रकाश दिसण्याइतका अंधारही असतो. फक्त इथल्या शाळांची हिवाळी सुट्टी टाळा. ती फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत, दक्षिण, मध्य आणि उत्तर अशी आठवड्या-आठवड्याने येते, आणि निम्मा देश स्की घेऊन लॅपलंडला, म्हणजे या उत्तरेकडच्या भागात, निघतो.

दुसरं, रोवानिएमीत आठ दिवस काय करणार? एक दिवस पुरे. १९४४ साली माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने हे गाव जवळजवळ पूर्ण जाळलं. आज दिसतं ते युद्धानंतर फिनिश वास्तुरचनाकार आल्व्हार आल्टोच्या आराखड्यावर उभं राहिलेलं आहे. आर्क्तिकुम संग्रहालय मात्र चुकवू नका. १७२ मीटर लांब काचेची मार्गिका आहे, आणि या सगळ्या प्रदेशाची तोंडओळख तिथे चांगली होते. मग पुढे निघा.

कॅमेऱ्यामागून

मार्चला माझंही अनुमोदन. विषुवदिनाच्या आसपास उत्तरेच्या प्रकाशाची हालचाल वाढते, हा आणखी एक फायदा.

प्रकाशासाठी महागडी टूर घेऊ नका. मी पहिल्या वेळी घेतली होती. आकाश पूर्ण ढगाळ असूनही आम्हाला नेलं, चार तास एका शेकोटीपाशी बसवलं आणि पैसे परत द्यायला नकार दिला. नंतर कळलं की गावातल्या दिव्यांपासून दूर जायचं आणि ढग नसलेली रात्र गाठायची, एवढंच हातात असतं. फिनिश हवामान खात्याचा अंदाज फुकट बघता येतो. रोवानिएमीत असाल तर आर्क्तिकुमच्या मागे नदीकाठी जा, पण इनारीत किंवा त्याच्या वाटेवरच्या सारिसेल्कॅला दारातून बाहेर पडलं तरी पुरतं.

कॅमेरा बाहेरून आत नेताना आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करा आणि खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा, नाहीतर आतल्या उबेने भिंगावर पाणी धरतं. फोन अंगाला लागून असलेल्या खिशात ठेवायचा. उणे वीसला चाळीस टक्के बॅटरी बघता बघता शून्यावर येते.

रानवाटा

तारखा बदलतेय! बहीण तर खूश झाली, तिला मार्चमध्ये रजा मिळणं सोपं आहे. आता दोन प्रश्न. चालायचं कुठे? आणि कपड्यांवर किती खर्च करू?

एस्पोकर

चालण्यासाठी कीलोपॅ. रोवानिएमीहून इनारीकडे जाणाऱ्या रस्त्यावर सारिसेल्कॅ लागतं, तिथून जवळच. बस जाते. उर्हो केक्कोनेन राष्ट्रीय उद्यान तिथूनच सुरू होतं, अडीच हजार चौरस किलोमीटरचं. स्नोशू (बर्फात पाय रुतू नये म्हणून बुटाखाली बांधायच्या रुंद चौकटी) आणि स्की भाड्याने मिळतात. पहिल्या दिवशी राउतुलाम्पीपर्यंत जाऊन या. तिथे दिवसा थांबण्याची झोपडी आहे. चांगली खूण केलेली वाट आहे आणि तुमचा स्वतःचा अंदाज येईल.

आता मला या देशातलं सगळ्यात आवडतं ते सांगतो. या रानांमध्ये सरकारी वन खात्याच्या झोपड्या आहेत, औतिओतुपा म्हणतात. कुलूप नाही, भाडं नाही, आरक्षण नाही. एक खोली, लाकडी फळ्यांचे सामायिक बिछाने, एक लोखंडी शेगडी आणि बाहेर लाकडांची खोली. एक-दोन रात्री राहायचं आणि पुढे निघायचं. आणि नियम असा की जो सगळ्यात शेवटी येईल त्याचा हक्क पहिला. म्हणजे झोपडी भरली असेल आणि रात्री नऊ वाजता कुणी गारठून आलं, तर आधी येऊन विश्रांती झालेल्याने उठून जागा करून द्यायची, वेळ पडली तर स्वतःच्या तंबूत जायचं. हे कुणी ओरडून सांगत नाही, तसं होतं. मी स्वतः एकदा तो शेवटचा होतो. दार उघडलं तेव्हा माझ्या भुवयांवर बर्फ होता. आतल्या दोघा म्हाताऱ्यांनी एक शब्द न बोलता शेगडीजवळची फळी रिकामी केली आणि किटली ठेवली. ते दोघे दुसऱ्या टोकाला, थंड भिंतीशी झोपले.

निघताना तुम्ही काय करायचं: बारीक ढलप्या काढून शेगडीशेजारी ठेवायच्या, म्हणजे पुढच्या माणसाला बधिर बोटांनी कुऱ्हाड धरावी लागणार नाही. राख काढायची, जमीन झाडायची, कचरा सगळा परत आणायचा. वहीत नावं आणि पुढे कुठे जाणार ते लिहायचं, काही झालं तर शोधणाऱ्यांना त्याचा उपयोग होतो. आणीबाणीचा क्रमांक ११२. त्याचं ११२ सुओमी नावाचं ॲप घ्या, त्यातून तुमची जागा आपोआप कळते. मात्र रेंज सगळीकडे असेल असं धरून चालू नका.

पहिल्या खेपेला मुक्कामाची झोपडी एकच रात्र करा, आणि हवामान बघून. झोपडी भरलेली असू शकते, म्हणून उणे तापमानाची स्लीपिंग बॅग लागेलच.

कपडे: सुती काहीही नको, आतलेसुद्धा. घाम आला की सुती कापड ओलं राहतं आणि थांबलात की तेच अंगावर गार पडतं. अंगालगत मेरिनो लोकर, मध्ये फ्लीस, वर वारा अडवणारं. चालताना किंचित थंडी वाजली पाहिजे, म्हणजे बरोबर घातलंय. बूट एक नंबर मोठे घ्या, बोटं हलली पाहिजेत. हाताला पाच बोटांचे मोजे नकोत, सगळी बोटं एकत्र राहतील असे घ्या, आत पातळ लोकरीचे. लोकरीचं आतलं तेवढं भारतातून आणा. जाड जॅकेट आणि पँट इथे किर्प्पुतोरित, म्हणजे जुन्या वस्तूंच्या दुकानांत बघा. हेलसिंकीतले दोन दिवस त्यासाठीही वापरता येतील.

आजीचा बटवा

मुलींनो, मी काही ट्रेकवाली नाही, पण लेकीकडे तांपेरे शहरात दोन हिवाळे काढलेत. वय तेव्हा ६३. पहिल्या दिवशी उणे बावीस होतं. श्वास घेतला तर नाकातले केस कडक होऊन टोचायला लागले. पायाखालचा बर्फ असा वाजतो, दोन थर्माकोल एकमेकांवर घासल्यासारखा. आठवड्याभरात सवय झाली.

तांपेरे वगळू नका. सौनाचं माहेरघर म्हणतात त्याला. राजापोर्त्ती नावाचा सार्वजनिक सौना तिथे १९०६ पासून चालू आहे. लेक मला राउहानिएमीला न्यायची. तिथे तळ्याच्या बर्फाला भोक पाडलेलं असतं, अवांतो. सौनात घामाघूम व्हायचं, मग जिना उतरून त्या काळ्या पाण्यात. पहिल्यांदा मी पोटरीपर्यंत उतरले आणि परत आले. शेजारी माझ्याच वयाची एक बाई होती. हात धरून म्हणाली, श्वास सोडत उतर, धरून ठेवू नकोस. पुढच्या आठवड्यात मानेपर्यंत गेले. बाहेर आल्यावर अंगावर जी ऊब येते ती मला अजून आठवते.

लाजू नका. पारंपरिक सौनात बायकांचं वेगळं असतं आणि तिथे कपडे नसतात, कुणी कुणाकडे बघत नाही. एकत्र असेल तिथे पोहण्याचा पोशाख चालतो, दारावर विचारायचं. दगडांवर पाणी टाकलं की वाफ उठते ती ल्योयल्यू. पाणी टाकण्याआधी बाकीच्यांना विचारायची पद्धत आहे.

शाकाहारी लेकीसाठी: दुपारी अकरा ते दोनच्या सुमारास लोउनास म्हणून ताटभर जेवण मिळतं, रात्रीपेक्षा खूप स्वस्त, आणि एक शाकाहारी पदार्थ बहुतेक असतोच. कार्यालानपीराक्का खा, राईच्या पातळ पारीत भाताची लापशी, वर अंडं-लोणी. गुरुवारी सगळीकडे वाटाण्याचं सूप करतात, पण त्यात बहुधा डुकराचं मांस असतं, विचारून घ्या. आणि लेइपॅयूस्तो नावाचं भाजलेलं चीज, दाताखाली कुचकुच वाजतं. पूर्वी ते नुकत्याच व्यालेल्या गाईच्या चिकाचं करायचे. मला हे कळलं तेव्हा मी लेकीला म्हटलं, अगं, हे तर खरवसाचं चुलत भावंड!

रानवाटा

आजी, किती छान लिहिलंत. तांपेरे घेतलंच. सामी भागाबद्दल कुणी सांगेल का?

एस्पोकर

इनारीला तीन दिवस द्या. सीदा हे सामी संग्रहालय आहे, २०२४ साली त्याला युरोपातल्या सर्वोत्तम संग्रहालयाचा मान मिळाला. हेलसिंकीच्या राष्ट्रीय संग्रहालयाने २०२१ मध्ये बावीसशेहून जास्त सामी वस्तू सीदाला परत केल्या. पाळण्यापासून बर्फावरच्या गाडीपर्यंतच्या, पिढ्यांपूर्वी घराबाहेर गेलेल्या वस्तू. ते दालन घाईत बघू नका. फिनलंडमध्ये तीन सामी भाषा बोलतात आणि इनारी सामी ही त्यातली एक फक्त याच भागातली. सामी संसद ज्यात भरते ते सायोस जवळच आहे.

दोन गोष्टी मनापासून सांगतो. हस्की कुत्र्यांची गाडी ही सामी परंपरा नाही, ती पर्यटनाबरोबर आली. सामींची जुनी परंपरा रेनडियर पाळण्याची आहे. हस्कीवाला सामी पोशाख घालून उभा असेल तर तिथे पैसे देऊ नका. तो पोशाख घराण्याची आणि गावाची ओळख सांगतो. आणि रेनडियर पाळणाऱ्याला तुझ्याकडे किती आहेत असं कधीही विचारू नका. आपल्याकडे बँकेत किती आहेत विचारण्यासारखं आहे ते. एखाद्या पाळणाऱ्या कुटुंबाकडेच जा, ते चारा घालताना सोबत नेतात, कानांवरच्या खुणा दाखवतात. प्रत्येक मालकाची खूण वेगळी.

मार्चच्या शेवटी जमलं तर इनारी सरोवराच्या बर्फावर रेनडियरच्या शर्यती असतात, तारखा बघून घ्या.

मार्ग असा करा: हेलसिंकी २ रात्री, तांपेरे १, तिथूनच रात्रीची गाडी पकडून रोवानिएमी, मग बसने कीलोपॅ ४, इनारी ३. गाडीचं तिकीट लवकर काढा, दर वाढत जातात.

व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. शुल्क ९० युरो, आणि किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा हवा.

रानवाटा

सगळं वहीत उतरवलं. बहिणीने आत्ताच विचारलं: स्नोशू न घेता स्कीच्या आखलेल्या वाटेवरून बुटांनी चाललं तर चालेल ना? सपाट दिसते.

एस्पोकर

नाही, हे अजिबात करू नका. त्या वाटेत दोन खोबणी यंत्राने पाडलेल्या असतात, बुटाचा एक खड्डा पडला की मागून वेगात येणारा स्कीवाला पडतो. इथली माणसं सहसा कुणाला बोलत नाहीत, पण यावर बोलतात. चालणाऱ्यांसाठी वेगळ्या हिवाळी वाटा आहेत, फाट्यावर चालणाऱ्या माणसाचं चित्र असतं. तेच बघून वळायचं.