पेनांग (मलेशिया) : आईसोबत छोटी सहल – मुक्काम, चालणे आणि शाकाहारी जेवण याविषयी मदत हवी आहे

निळाई

नमस्कार,

येत्या फेब्रुवारीत आईला घेऊन मलेशियातील पेनांग बेटावर, मुख्यतः तिथल्या जॉर्ज टाउन या जुन्या शहरात जायचे ठरवत आहे. शुक्रवारी संध्याकाळी पोहोचायचे आणि सोमवारी दुपारी निघायचे, एवढीच सवड आहे. आईने सत्तरी ओलांडली आहे, ती पूर्ण शाकाहारी आहे आणि तिचे गुडघे दुखतात. सपाटीवर ती सावकाश पण बराच वेळ चालते, जिने मात्र तिला झेपत नाहीत. तिने माध्यमिक शाळेत आयुष्यभर इतिहास शिकवला आणि पेनांगची निवडही तिचीच आहे. समुद्रकिनारा, खरेदी किंवा करमणुकीची उद्याने यांत तिला रस नाही. निरनिराळ्या धर्मांची आणि भाषांची माणसे दोनशे वर्षांहून अधिक काळ एकाच गल्लीत शेजारी कशी राहत आली, हे तिला तिथे जाऊन पाहायचे आहे, आणि ते तिला धावपळ न होता पाहता यावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आतापर्यंत वाचून जे कळले ते आधी मांडते, म्हणजे पुढचे प्रश्न स्पष्ट होतील. १७८६ साली फ्रान्सिस लाइट याने केडाहच्या सुलतानाकडून हे बेट ईस्ट इंडिया कंपनीसाठी मिळवले आणि तिथे जकातमुक्त बंदर वसवले. त्यामुळे दक्षिण चीनमधील होक्कियन आणि कँटोनीज लोक, तमिळ हिंदू आणि तमिळ मुसलमान व्यापारी, सुमात्रातील अचेहून आलेले, अरब, आर्मेनियन, ब्रह्मी, सयामी असे सगळे तिथे येऊन स्थिरावले. आर्मेनियन स्ट्रीट, अचीन स्ट्रीट, चुलिया स्ट्रीट, बर्मा रोड या नावांतून त्या वस्त्या अजून ओळखता येतात. २००८ मध्ये मलाक्का आणि जॉर्ज टाउन या दोन शहरांना मिळून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. आईला सर्वांत जास्त ओढ आहे ती पूर्वीच्या पिट स्ट्रीटची, म्हणजे आजच्या जालान मस्जिद कपितान केलिंग या रस्त्याची. १८१८ चे सेंट जॉर्ज चर्च, कुआन यिन देवीचे चिनी मंदिर, १८३३ चे श्री महामारिअम्मन मंदिर आणि १८०१ मध्ये स्थापन झालेली कपितान केलिंग मशीद ही चारही ठिकाणे या एका रस्त्याच्या आसपास आहेत. ते चर्च हिंदुस्थानातून पाठवलेल्या बंदिवानांच्या श्रमातून उभे राहिले, हे वाचल्यापासून तर तिचा आग्रह अधिकच वाढला आहे. १८५८ मध्ये अंदमानची बंदिवसाहत उभी राहिली, त्याच्या पुष्कळ आधीपासून आपल्याकडचे कैदी पेनांगला धाडले जात होते, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात कधी आली नाही याची तिला फार खंत वाटते.

माझा कच्चा आराखडा असा आहे. शनिवारी सकाळी हा रस्ता आणि त्याला लागून असलेले लिटल इंडिया, दुपारी विश्रांती, आणि संध्याकाळी खू कोंगसी हे खू आडनावाच्या चिनी कुटुंबांचे कुलगृह पाहून पुढे पाण्यावरच्या लाकडी वस्त्या. रविवारी एअर इताम भागात केक लोक सी हे बौद्ध मंदिर आणि त्याच दिवशी पेनांग हिल, कारण दोन्ही ठिकाणे जवळजवळ आहेत. सोमवारी सकाळी पुलाउ तिकुस भागातील सयामी आणि ब्रह्मी मंदिरे पाहून थेट विमानतळ.

आता माझ्या अडचणी. एका प्रवास कंपनीने बातू फेरिंगी येथे समुद्रकाठी उतरण्याचा आग्रह धरला आहे. खोल्या मोठ्या आणि लिफ्टच्या आहेत, पण तिथून रोज शहरात येण्याजाण्यात आईची शक्ती खर्च होईल अशी मला धास्ती वाटते. जॉर्ज टाउनमध्ये फुटपाथवरून चालणे वयस्कर माणसाला कितपत जमते, हे छायाचित्रांवरून समजत नाही. जेवणाची काळजी सर्वांत मोठी आहे, कारण जिथे तिथे सुक्या कोळंबीचा वापर होतो असे वाचले. शिवाय फेब्रुवारीत चिनी नववर्ष आणि तैपूसम हा तमिळ हिंदूंचा मुरुगन देवाचा उत्सव यांपैकी काही आड येते का, आणि आले तर तारखा बदलाव्यात की मुद्दाम त्याच तारखा धराव्यात, हेही ठरत नाही. मुंबईहून क्वालालंपूरमार्गे जावे की चेन्नईहून, याबद्दलही अनुभव असल्यास सांगावा. काही गाळायचे असेल तर काय गाळावे हे निःसंकोच सांगा.

पाऊलवाट

निळाईताई, आम्ही क्वालालंपूरला राहतो आणि पेनांगला आमचे जाणेयेणे असते, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

मुक्काम जॉर्ज टाउनमध्येच करा, याबद्दल मनात किंतु ठेवू नका. बातू फेरिंगीचा रस्ता डोंगर आणि समुद्र यांच्यामधून वळणावळणाने जातो, शनिवार-रविवारी तिथे वाहनांची गर्दी होते, आणि तुमच्या आईंना जे पाहायचे आहे त्यातले तिथे काहीही नाही. शहरात राहिल्याचा खरा फायदा असा, की त्यांना दुपारी खोलीवर येऊन पडता येईल. तिथे बाराही महिने दमट उकाडा असतो आणि अकरा ते चार या वेळात उन्हात चालणे तरुणांनाही जड जाते.

चालण्याबद्दल तुमची शंका रास्त आहे. जुन्या दुकानघरांसमोर कमानींखालून जाणारी पाच फुटी पडवी आहे. तिथे सावली असते, पण प्रत्येक दुकानमालकाने आपापल्या उंचीवर फरशी घातलेली आहे. एका दुकानासमोर गुळगुळीत रंगीत फरशी, पुढच्यासमोर वीतभर उंच पायरी, त्यापुढे वाट अडवून उभ्या केलेल्या मोटारसायकली, आणि खाली उतरावे तर पडवी आणि रस्ता यांच्यामध्ये उघडे, खोल गटार. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना ही सततची चढउतार अंतरापेक्षा जास्त त्रास देते. म्हणून शनिवारी सकाळी आठच्या सुमारास चर्चपासून सुरुवात करा. त्या वेळी वाहने कमी असतात, रस्त्याच्या कडेने सावकाश जाता येते आणि चर्च ते मशीद हे सगळे अंतर जेमतेम एक किलोमीटर आहे. महामारिअम्मन मंदिराचे गोपुर मागच्या क्वीन स्ट्रीटवर आहे, ते शोधत पिट स्ट्रीटवर फिरू नका. मशिदीत नमाजाच्या वेळा सोडून पाहुण्यांना जाऊ देतात आणि अंगावर घालायला झगा तिथेच मिळतो. चालण्याचा कंटाळा आला तर तीनचाकी सायकलरिक्षा करा. तिच्यात बसणारा पुढे आणि चालवणारा मागे असतो, त्यामुळे समोरचा रस्ता मोकळा दिसतो. भाडे मात्र बसण्याआधी ठरवून घ्या.

तुमच्या आराखड्यात दोन बदल सुचवतो. खू कोंगसी संध्याकाळी पाच वाजता बंद होते, म्हणून ते दुपारच्या विश्रांतीनंतर साडेतीनच्या सुमारास आधी पाहा. १९०१ मध्ये आधीची इमारत जळाली, आणि ती सम्राटाच्या राजवाड्याइतकी भव्य बांधल्यामुळे देवांचा कोप झाला असे लोक मानू लागले. म्हणून १९०६ मध्ये पूर्ण झालेली आजची इमारत त्या मानाने साधी आहे असे म्हणतात. ती साधी इमारत पाहिल्यावर आधीची कशी असेल याचा विचार मनात येतोच. तिथून पुढे च्यू जेट्टीवर जा. ही च्यू आडनावाच्या कुटुंबांची, समुद्रात खांब रोवून त्यांवर उभी केलेली वस्ती आहे. मधली वाट सपाट फळ्यांची आहे, त्यामुळे आईंना जमेल, पण ती माणसांची राहती घरे आहेत, तेव्हा दारातून आत डोकावून छायाचित्रे घेऊ नयेत.

दुसरा बदल पेनांग हिलचा. रविवारी तिथे इतकी रांग असते की आईंना तास-दीड तास उभे राहावे लागेल. सोमवारी पहाटे उठा. डोंगरावर जाणारी केबल रेल्वे सकाळी साडेसहाला सुरू होते, गाडी सुमारे सातशे मीटर उंचीवर नेऊन सोडते, हवा थंड असते आणि वरचा भाग बराचसा सपाट आहे. वर एक हिंदू मंदिर आणि एक मशीद एकमेकांच्या जवळ आहेत, तीही आईंना आवडतील. केक लोक सी रविवारी सकाळी करा. खालच्या बाजारातून पायऱ्यांनी चढू नका, टॅक्सीवाल्याला थेट वरच्या वाहनतळावर न्यायला सांगा, आणि तिथून कुआन यिनच्या प्रचंड कांस्यमूर्तीपर्यंत तिरप्या रुळांवरून वर जाणारी लिफ्ट आहे ती घ्या. मग रविवारी चार वाजता पुलाउ तिकुस. सयामी मंदिरातील निद्रिस्त बुद्ध आणि समोरचे ब्रह्मी मंदिर यांच्यामध्ये फक्त एक गल्ली आहे. दोन्ही ठिकाणी चपला काढून आत जायचे, सगळे तळमजल्यावर, आणि गर्दी बेताची. काही गाळायचेच झाले तर हिल गाळा, ही दोन मंदिरे गाळू नका.

प्रवासाबद्दल : डिसेंबर २०२४ पासून चेन्नई ते पेनांग थेट विमान आहे आणि आईंसाठी मी तेच निवडले असते. क्वालालंपूरमार्गे येणार असाल तर दोन्ही तिकिटे एकत्र काढा, कारण वेगवेगळ्या कंपन्यांची विमाने तिथल्या वेगवेगळ्या टर्मिनलांवरून सुटतात आणि सामान घेऊन एका टर्मिनलवरून दुसऱ्यावर जाण्यात दमछाक होते. भारतीयांना डिसेंबर २०२३ पासून तीस दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. ही सवलत मुदतीची आहे, म्हणून तिकीट काढताना तिची तारीख पाहून घ्या. डिजिटल आगमनपत्र मात्र पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरावे लागते.

ओसरी

मी जेवणापुरतेच लिहिते, कारण आम्ही घरचे सगळे शाकाहारी तिथे राहून आलो आहोत.

अडचण मांसाची कमी आणि बेलाचानची जास्त आहे. बेलाचान म्हणजे आंबवलेल्या कोळंबीचा घट्ट गोळा. तो परतलेल्या पालेभाजीत, चटणीत, सॅलडच्या रसात कुठेही असतो आणि दिसत नाही. म्हणून नुसते ‘व्हेज’ म्हणून भागत नाही. ‘मांस नको, मासे नकोत, कोळंबी नको, बेलाचान नको’ असे मलयमध्ये कागदावर लिहून घ्या आणि तो कागद दाखवा. आसाम लक्सा हा माशाच्या रश्शाचाच पदार्थ आहे, आणि ‘चार क्वे तियाओ’ या परतलेल्या तांदळाच्या नूडल्समध्ये कोळंबी, शिंपले आणि पुष्कळदा डुकराची चरबी असते, तेव्हा त्यांच्या वाटेला जाऊ नका. नासी कंदारच्या, म्हणजे भात आणि निरनिराळ्या रश्शांच्या दुकानात भाज्या असतात, पण वाढताना सगळे रस्से एकमेकांत मिसळतात.

लिटल इंडियात केळीच्या पानावरचे तमिळ शाकाहारी जेवण मिळते, दोन वेळची सोय तिथे सहज होते. चिनी बौद्धांची शाकाहारी उपाहारगृहेही चांगली आहेत, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी कांदा-लसूणही नसतो. तिथे सोयाबीन आणि गव्हाच्या सत्त्वापासून केलेले पदार्थ हुबेहूब मांसासारखे दिसतात, हे आईंना आधी सांगून ठेवा, नाहीतर ताट समोर आले की त्यांचे मन कचरेल. चेंडोल बिनधास्त खा. नारळाचे दूध, ताडगूळ, हिरव्या शेवया, लाल चवळीसारखे दाणे आणि बर्फ एवढेच त्यात असते. आणि पुतु मायम अवश्य शोधा. तांदळाच्या उकडीच्या शेवया, वर ओले खोबरे आणि गूळसाखर. कोकणातले शिरवाळे ज्यांनी खाल्ले आहेत त्यांना ते परके वाटणार नाही.

निळाई

पाऊलवाट, ओसरी, दोघांचे मनापासून आभार. मुक्काम शहरातच करायचे नक्की केले आणि हिल सोमवारवर नेली. सणांचा प्रश्न तेवढा राहिला. शिवाय जुन्या दुकानघरात थाटलेले एखादे छोटे हॉटेल घ्यावे असे आईच्या मनात आहे. ते योग्य होईल का? आणि पेराणाकान लोकांचे, म्हणजे इथे स्थायिक होऊन मलय रीती उचललेल्या चिन्यांच्या वंशजांचे, घर आतून पाहायचे असेल तर जिने चढावे लागतात का?

पाऊलवाट

चिनी नववर्ष जानेवारीच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीच्या उत्तरार्धापर्यंत केव्हाही येते. नववर्षाचे पहिले दोन-तीन दिवस टाळा, कारण पुष्कळ चिनी दुकाने आणि खाण्याचे ठेले बंद असतात आणि हॉटेलांचे दर चढतात. त्यानंतरचे दिवस मात्र फार चांगले. केक लोक सी हजारो दिव्यांनी उजळलेले असते, आणि नववर्षाच्या नवव्या दिवसाच्या आदल्या रात्री होक्कियन लोक स्वर्गाच्या सम्राटाची पूजा मांडतात. त्या रात्री च्यू जेट्टीसमोर लांबच लांब टेबलांवर नैवेद्य असतो आणि बाजूला उसाच्या मोळ्या बांधलेल्या असतात, कारण संकटकाळी आपले पूर्वज उसाच्या मळ्यात लपून वाचले अशी त्यांची श्रद्धा आहे. तारीख जुळत असेल तर तुमच्या आईंसाठी याहून चांगला दिवस नाही. तैपूसमच्या आदल्या दिवशी रथ लिटल इंडियातून निघतात आणि वाटेत चिनी कुटुंबेही रथापुढे नारळ फोडतात. ते रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकून पाहता येते, पण रथ ज्या डोंगरावरच्या मंदिराकडे जातात त्याला पाचशेहून अधिक पायऱ्या आहेत, तिकडे जाऊ नका.

दुकानघरातील हॉटेल घेण्यास हरकत नाही, फक्त ही घरे अरुंद आणि खोल असतात, लाकडी जिना उभा असतो आणि बहुतेक ठिकाणी लिफ्ट नसते. आरक्षणाआधी हॉटेलला लिहून तळमजल्यावरची खोली मागा आणि त्यांचे लेखी उत्तर जवळ ठेवा. तसे उत्तर आले नाही तर लिफ्ट असलेले साधे हॉटेल घ्या. पेराणाकान घरासाठी चर्च स्ट्रीटवरील हिरव्या रंगाची पिनांग पेराणाकान मॅन्शन पाहा. वरच्या मजल्यावर जिन्यानेच जावे लागते, पण आईंनी खालच्या चौकात बसून राहिले तरी चालेल. स्कॉटलंडहून आलेले ओतीव लोखंडाचे खांब, इंग्लंडच्या फरश्या आणि सोनेरी मुलामा दिलेले चिनी कोरीव लाकडी पडदे तिथे एकाच जागेवरून दिसतात. शनिवारी खू कोंगसीआधी तिथे गेलात तर दुपारचे ऊनही टळेल.