मदत हवी आहे: नोकरी सांभाळून फिजिओथेरपीत पीएचडी, विषय ऊसतोड कामगार

कंबरपट्टा
नमस्कार मंडळी. मी फिजिओथेरपिस्ट, एमपीटीएच (फिजिओथेरपीतली पदव्युत्तर पदवी) झालेली. कोल्हापूर जिल्ह्यात एका खासगी कॉलेजात शिकवते, संध्याकाळी छोटं क्लिनिक चालवते. आता पीएचडीचं मनावर घेतलंय, पण नोकरी सोडून नाही. घरी सासूबाई आहेत, मुलगा चौथीत आहे, बिऱ्हाड हलवणं जमणार नाही.

विषय ठरलाय, निदान मला तसं वाटतं. ऊसतोड करणाऱ्या बायकांची कंबरदुखी. दिवसभर वाकून तोडायचं, मोळी बांधायची, मग ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं. हंगामात अशा बायका क्लिनिकला येतात, पण एकदाच. पुन्हा या म्हटलं की "खाडा पडंल, मुकादम पैसं कापतोय" हे उत्तर ठरलेलं (मुकादम म्हणजे मजूर आणणारा ठेकेदार). फडावरच, म्हणजे ऊसतोडीच्या शेतातच, करता येतील असे थोडे व्यायाम आणि मोळी उचलायची पद्धत शिकवायची, हंगाम संपताना तपासायचं आणि सहा महिन्यांनी परत तपासायचं, असा बेत आहे. अर्ध्या बायकांना शिकवायचं, अर्ध्यांना नाही.

आता अडलंय कुठे? यूजीसी नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या विषयांच्या यादीत फिजिओथेरपी नाहीच, म्हणजे विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेवाचून गत्यंतर नाही, बरोबर ना? गाईड आधी शोधू की परीक्षा आधी देऊ? एका एजंटचा फोन आला होता, "मॅडम, यायची गरज नाही, सगळं ऑनलाइन, थीसिसचंही बघू" म्हणाला. आणि एक सहकारी म्हणते, त्यापेक्षा अमेरिकेतलं डीपीटी (डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी) कर. जाणकारांनी कृपया सांगा.

नाडीपरीक्षा
एजंटचा नंबर ब्लॉक करा, मग पुढे वाचा. यूजीसीच्या २०२२च्या नियमांत दूरस्थ किंवा ऑनलाइन पीएचडीला मान्यता नाही. अर्धवेळ पीएचडीला आहे, आणि या दोन गोष्टींची सरमिसळ करूनच ही मंडळी पोट भरतात. डीपीटीचं म्हणाल, तर अमेरिकेत फिजिओथेरपिस्ट म्हणून कामाला लागायची ती पदवी आहे. संशोधनाची नव्हे. तुमच्या प्रश्नाला तिचा उपयोग शून्य.

परीक्षा नि गाईड दोन्ही एकदमच हाती घ्या. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची प्रवेश परीक्षा वेगळी, कऱ्हाड, लोणी, सावंगीच्या अभिमत विद्यापीठांची वेगळी. तुम्हाला कऱ्हाड जवळ पडेल. पण नावाजलेला गाईड म्हणून धावत जाऊ नका, आधी त्याच्याकडे जागा आहे का विचारा. एका वेळी प्राध्यापकाकडे ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ विद्यार्थी, एवढीच मुभा. निवृत्तीला ३ वर्षांपेक्षा कमी उरली असतील तर नवीन विद्यार्थी घेताच येत नाही. पाया पडायला जाण्यापूर्वी गाईडचं वय काढा, हे मी सगळ्यांना सांगतो!

मुदत किमान ३, जास्तीत जास्त ६ वर्षं. पुढे २ वर्षांची मुदतवाढ मिळू शकते, स्त्रियांना त्यावर आणखी २. शिवाय किमान १२ क्रेडिटचं कोर्सवर्क आहे. म्हणून कॉलेजकडून ना हरकत पत्र घेताना "आमची हरकत नाही" एवढ्या एका ओळीवर समाधान मानू नका. संशोधनाला पुरेसा वेळ मिळेल आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी मोकळीक देऊ, हे त्यात लिहिलेलं हवं. हे मी यूजीसीचं सांगतोय. तुम्ही ज्या विद्यापीठात जाल त्याचे नियम स्वतंत्रपणे वाचा.

केजकर
फिजिओथेरपीतलं मला कळत नाही, पण आमच्या घरात दोन पिढ्या कोयत्यावर गेल्या, म्हणून बोलतो. ताई, तुमचा सहा महिन्यांचा बेत कागदावरच राहील. पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की टोळी (एका मुकादमाचे तोडकरी) गावाकडं निघते. कोल्हापुरात बसून बीड जिल्ह्यातल्या केज, धारूर, पाटोद्याच्या वस्त्यांवर बायका कुठं शोधणार? फोन घरात एकच, तो नवऱ्याच्या खिशात. पुढच्या हंगामात तीच टोळी त्याच कारखान्याला येईल याचीही खात्री नाही.

उलटं करा. माणसं निघायच्या आधी, दसऱ्याच्या सुमाराला, गावातच पहिली तपासणी करा. हंगामात फडावर जा. परत आल्यावर गुढीपाडव्यानंतर पुन्हा गावात. आशाताईंना धरलंत तर घरं सापडतील.

दुसरं, मुकादमाला विचारून काम सुरू करू नका. त्याची उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली असते, तो "बसा रे समद्या" म्हणाला की बाया बसणारच. त्याला संमती म्हणत नाहीत.

नाडीपरीक्षा
केजकर, तुमचा शेवटचा मुद्दा एथिक्स कमिटी पहिल्याच बैठकीत काढेल. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये असुरक्षित गटांवर वेगळं प्रकरणच आहे. वाचता न येणाऱ्या बाईचा अंगठा घेताना निःपक्ष साक्षीदार लागतो, आणि मुकादम तो साक्षीदार होऊ शकत नाही.

कंबरपट्टा, तुमच्या "अर्ध्या बायकांना शिकवायचं"मध्ये मोठी मेख आहे. एका टोळीच्या कोप्या (झोपड्या) शेजारी-शेजारी. सकाळी शिकवलेला व्यायाम संध्याकाळी चुलीपाशी बाकीच्यांना कळणार. मग तुलना कुणाशी? चिठ्ठ्या टाकायच्या त्या बाईगणिक नव्हे, टोळीगणिक. याला क्लस्टर पद्धत म्हणतात. यात नमुना, म्हणजे लागणाऱ्या बायकांची संख्या, बराच वाढतो, म्हणून संख्याशास्त्रज्ञाला संशोधनाचा आराखडा लिहिण्याआधी भेटा, नंतर नव्हे. आणि सीटीआरआयवर (चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत) नोंदणी पहिली बाई अभ्यासात घेण्यापूर्वीच व्हायला हवी. एप्रिल २०१८ पासून मागाहून नोंदणी घेत नाहीत. ती मोफत आहे, फक्त फॉर्म भरताना जीव जातो.

कंबरपट्टा
केजकर दादा, दसऱ्याची कल्पना माझ्या डोक्यातच आली नव्हती. मनापासून आभार. मराठवाड्यातला सहगाईड घेता येईल का, तेही विचारते. दुखण्यासाठी ऑस्वेस्ट्री प्रश्नावली (कंबरदुखीने रोजच्या कामात किती अडतं ते मोजणारी) घ्यायचं म्हणतेय, चालेल ना?

मोजपट्टी
चालेल, पण आधी तिच्यातले प्रश्न फडावर उभं राहून वाचा. बसण्याच्या प्रश्नात आवडत्या खुर्चीत किती वेळ बसवतं असं आहे, जड उचलण्याच्या प्रश्नात टेबलावर ठेवलेली वस्तू. कोपीत खुर्ची कुठली नि टेबल कुठलं? नुसतं भाषांतर करून भागत नाही. दोघांनी स्वतंत्र मराठी करायचं, तिसऱ्याने मूळ न बघता परत इंग्रजी करायचं, मग थोड्या बायकांसमोर वाचून दाखवायचं. ऑस्वेस्ट्रीला परवानाही लागतो, तो आधी मागा. शरीरात कुठे कुठे दुखतं एवढंच नोंदवायचं असेल तर नॉर्डिक प्रश्नावली सोपी, आकृतीवर बोट ठेवलं की झालं.

आणि एक रकाना विसरू नका: गर्भाशय काढलंय का, कोणत्या वयात. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या अशा शस्त्रक्रियांवर २०१९ मध्ये सरकारला समिती नेमावी लागली होती. त्या बायकांच्या कंबरदुखीचं कारण सगळं मोळीच्या माथी मारलंत तर परीक्षक सोडणार नाहीत.

कंबरपट्टा
हा रकाना घालतेच. यंदाचा हंगाम फक्त प्रश्नावली नि टोळ्यांच्या ओळखीसाठी ठेवते, तोवर प्रवेश परीक्षाही होईल. धारूरकडे ओळखीच्या आशाताई असतील तर केजकर दादा, व्यनि (खासगी निरोप) करा.