मदत हवी आहे: आईच्या फोनला घरात रेंजच नाही

चाफेकळी:
गावी आई एकटी असते. फोन उचलला की "ऐकू येत नाही गं" आणि कट. अंगणात तुळशीपाशी उभी राहिली तर नीट बोलते, पण रात्री, पावसात तिने किती वेळा बाहेर यायचं? दोनदा सिम बदललं. लवकर सांगा, प्लीज.

दर्यावर्दी:
गाव कुठलं, घर कसलं, फोन कुठला? काहीच लिहिलं नाहीत.

चाफेकळी:
राजापूर तालुका. चिऱ्याच्या भिंती, वर पत्रे. फोन फोर-जी.

खटपट्या:
पत्रा सिग्नल आत येऊच देत नाही. छपरावर बूस्टर, म्हणजे सिग्नल वाढवणारं यंत्र, लावा. आमच्याकडे दोन वर्षं मस्त चालतोय.

तारायंत्र:
असले सल्ले देऊ नका हो. परवान्याशिवाय बूस्टर लावणं बेकायदा आहे. त्याने आजूबाजूच्यांचे कॉलही तुटतात.

खटपट्या:
वाडीत चार घरं. कोणाचे कॉल तुटणार?

तारायंत्र:
टॉवर काय चार घरांपुरता असतो का?

रानवाट:
हॅम रेडिओची, म्हणजे हौशी बिनतारी संदेशाची, परीक्षा द्या. पूर-वादळात टॉवर पडले तरी बोलता येतं.

चाफेकळी:
आई 71 वर्षांची आहे हो.

निवृत्त लाइनमन:
आमची तांब्याची लाइन होती तेव्हा हा त्रास नव्हता. फोनला वीज एक्स्चेंजच्या बॅटरीतून, 48 व्होल्ट. गावात अंधार असला तरी फोन चालू. टेलिग्रामची तारसेवा 2013 साली बंद झाली तेव्हाही वाईट वाटलं होतं.

दर्यावर्दी:
ताई, घरात वायफाय आहे का?

चाफेकळी:
फायबरचं इंटरनेट आहे, आई त्यावर मालिका बघते. पण कॉलचा काय संबंध?

दर्यावर्दी:
हेच आधी सांगायचं होतं! फोनच्या सेटिंगमध्ये वायफाय कॉलिंग असेल, ते चालू करा. कॉल टॉवरऐवजी फायबरवरून जातो. नंबर तोच, वेगळं अ‍ॅप नको.

निवृत्त लाइनमन:
पण फायबरमधून प्रकाश येतो, वीज नाही. लाइट गेली की राउटर, म्हणजे वायफायची पेटी, बंद, कॉलही बंद. राउटरचा छोटा यूपीएस, म्हणजे लाइट गेल्यावर चालणारी बॅटरी, घ्याच.

चाफेकळी:
शेजारच्या दादांनी सेटिंग करून दिलं. आत्ता आई स्वयंपाकघरातून बोलली, मागे कुकरची शिट्टीसुद्धा ऐकू आली! खूप खूप आभार. राउटरच्या अडॅप्टरवर 12 व्होल्ट, 1 अँपिअर लिहिलंय. दुकानात 2 अँपिअरचा यूपीएस आहे, चालेल?

निवृत्त लाइनमन:
चालेल. व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर जास्त असले तरी हरकत नाही. पिनही जुळते का बघा. फायबरची पेटी राउटरपासून वेगळी असेल तर तिलाही यूपीएस लागेल.