टपरीला तंबाखूचा वेगळा परवाना हवा की नको?

पिवळीरेघ
मागच्या महिन्यात शाळा व्यवस्थापन समितीतले आम्ही तिघं टेप घेऊन निघालो. फाटकापासून पहिली पानटपरी 43 मीटरवर, किराणा दुकान 70 वर. दोन्हीकडे तंबाखूच्या पुड्यांच्या माळा. 2003 च्या कोटपा म्हणजे तंबाखू नियंत्रण कायद्यानुसार शाळेपासून 100 यार्डांत, म्हणजे साधारण 91 मीटरमध्ये तंबाखू विकता येत नाही. 18 च्या आतल्यांना तर कुठेच नाही. आणि दंड? 200 रुपयांपर्यंत. टपरीवाला हसत भरतो नि दुपारपर्यंत वसूल करतो.

माझं म्हणणं, तंबाखू विकायला नगरपालिकेचा वेगळा परवाना लावा. मोडला नियम, गेला परवाना. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने 2017 मध्ये राज्यांना हेच सुचवलं होतं. शिवाय एक अट होती: जो तंबाखू विकेल त्याने गोळ्या, बिस्किटं, चिप्स विकायचे नाहीत. मला ही अट जास्त महत्त्वाची वाटते. चौथीतलं पोर टपरीवर तंबाखूसाठी जात नाही हो, गोळीसाठी जातं. पण बरणीकडे बघताना माळ रोज डोळ्यांसमोर असते.

चौकातला
परवाना म्हणजे आणखी एक खिडकी आणि आणखी एक हप्ता. राज्यात 2012 पासून गुटखाबंदी आहे, दरवर्षी नवा आदेश निघतो. गुटखा मिळत नाही असं एक एसटी स्टँड दाखवा, मी तिथे येऊन चहा पाजतो.
माझ्या काकांची टपरी आहे. चहा, पान, बिस्कीट, सिगारेट सगळं मिळून घर चालतं. बिस्किटं काढलीत तर ते काय करतील? तंबाखूच जास्त खपवतील. मॉलमधल्या दुकानाला कोणी टेप लावत नाही, ते एक राहिलंच.

निवृत्त_मास्तर
पिवळीरेघ, फाटकापासून मोजलंत तिथेच चुकलात. 2004 च्या नियमांप्रमाणे कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून, चहूबाजूंनी सरळ रेषेत मोजायचं. रस्त्याच्या वळणाने नव्हे.

पिवळीरेघ
धन्यवाद सर. म्हणजे मागच्या गल्लीतलं तिसरं दुकानही आत आलं!

काळाकोट
कायदा मवाळ आहे हा गैरसमज काढा. बाल न्याय कायदा 2015, कलम 77: मुलाला तंबाखू दिली तर 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाखापर्यंत दंड. नवे परवाने कशाला?

पिवळीरेघ
वकीलसाहेब, ओळखीच्या टपरीवाल्याला एका पुडीसाठी सात वर्षं आत टाकायला कोणता हवालदार तयार होईल? एकीकडे 200 रुपये, दुसरीकडे सात वर्षं. मधली पायरीच नाही, म्हणून तर परवाना. महिनाभर दुकानातली तंबाखू बंद, एवढीच शिक्षा पुरते.

वैनगंगाकाठ
तुमचं सगळं शहरातलं चाललंय भाऊ. आमच्याकडे खर्रा घरात घोटतात, पन्नीत बांधून देतात. सुपारी, तंबाखू, चुना, झालं. त्याला कोणता परवाना देता? गडचिरोलीत 2016 पासून मुक्तिपथ या व्यसनमुक्तीच्या मोहिमेचं काम आहे, तिथे गावंच दारू-तंबाखूविरुद्ध ठराव घेतात आणि बाया विकणाऱ्याच्या दारात जाऊन उभ्या राहतात. नोटिशीपेक्षा शेजारणीला माणूस जास्त भितो. अर्थात खर्रा संपला असं मी म्हणत नाही. माझ्या बापाच्या खिशात आत्ताही आहे.

होस्टेल_बी_विंग
काका लोक, तुम्ही टपरीतच अडकलात. वेप, म्हणजे ई-सिगारेट, 2019 पासून देशभर बंद. पहिल्याच गुन्ह्याला विकणाऱ्याला वर्षापर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आमच्या मजल्यावर तरी आंब्याच्या वासाचा धूर असतो. दिसायला पेनड्राइव्ह, मेसेज टाकला की फाटकावर हजर. तिथे नगरपालिका कोणाची पाटी काढणार? बंदीमुळे माल गेला नाही, फक्त विकणारा दिसेनासा झाला.

चौकातला
हेच मी म्हणतोय!

पिवळीरेघ
नाही, हे उलटं आहे. वेपवाला दिसत नाही म्हणून हात टेकले, कबूल. टपरीवाला तर दिसतोय ना? आणि बाळा, एक सांग, पहिली सिगारेट पाकीट घेऊन ओढलीस की सुटी?

होस्टेल_बी_विंग
सुटी. पाकिटाएवढे पैसे कुठे होते.

पिवळीरेघ
महाराष्ट्रात सुटी सिगारेट-बिडी विकायला सप्टेंबर 2020 पासून बंदी आहे. पाकिटावर 85 टक्के जागेत कॅन्सरचं चित्र छापायचं आणि पोराच्या हातात नुसती कांडी द्यायची, म्हणजे ते चित्र फक्त टपरीवाला बघतो.

निवृत्त_मास्तर
कर्नाटकाने वय 21 केलं. आपल्याकडे 18 चं तरी कोण विचारतं? मी स्वतः वर्गातल्या पोराला तंबाखू आणायला पिटाळणारे शिक्षक पाहिलेत.

चौकातला
काकांना विचारून आलो. म्हणाले, फी परवडेल अशी असेल, सुटी विक्री सगळ्यांचीच बंद होणार असेल, आणि किराणावाल्यालाही तोच नियम असेल तर परवाना घेईन. 2014 च्या पथविक्रेता कायद्याखाली मिळालेली जागा मात्र हलवायची नाही. आणि बिस्किटांच्या बरण्या राहणार.

पिवळीरेघ
पहिलं सगळं नगरपालिकेला द्यायच्या अर्जात घालतो. जागेचं बघू, 91 मीटरच्या आत असेल तर तिथे तंबाखू नाही, चहा खुशाल विकावा. बरण्यांवर मी हटणार नाही. काकांना टपरीवरच येऊन भेटतो रविवारी.

चौकातला
या. चहा माझ्याकडून, एसटी स्टँडचा नाही.