मदत हवी आहे : चौथीच्या वर्गात एआयचा उतारा तपासून घेण्याची सवय कशी लावावी?

मी नागपुरातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत चौथीला शिकवते. चॅटजीपीटीच्या अटींनुसार वापरकर्ता किमान 13 वर्षांचा असावा लागतो, म्हणून मुलांची खाती नाहीत. प्रश्न मीच टाइप करते, कोणाचेही नाव त्यात लिहीत नाही आणि उत्तर प्रोजेक्टरवर सर्वांनी मिळून वाचतो.

नाग नदीवरील अशाच एका उताऱ्यात ती थेट गोदावरीला मिळते असे आले होते. जिल्ह्याच्या नकाशावर बोट फिरवत मुलांनी ती कन्हानला मिळते हे शोधून काढले, तेव्हा वर्ग फार रंगला. मात्र चूक आहे असे मी आधी सुचवले तरच ती शोधली जाते, एरवी पडद्यावरचे सगळे खरे मानले जाते. मुद्दाम चुका पेरून पाहिल्या, तर मुले बरोबर वाक्यांवरही फुल्या मारू लागली (हे एका अर्थी अधिक वाईट). पाठ्यपुस्तकाशी ताडून पाहणे जमते, पण स्थानिक माहिती त्यात क्वचितच सापडते.

एकच लॅपटॉप, 35 मिनिटांची तासिका आणि घरी मोबाइल लागेल असा गृहपाठ द्यायचा नाही, या मर्यादांत कोणते वाक्य तपासायला हवे आणि कोणते नाही, हे नऊ-दहा वर्षांच्या मुलांना ठरवता यावे यासाठी आपण प्रत्यक्ष वर्गात कोणती कृती घेतली आहे?